‘देवाच्या योजनेवर विश्वास’ की ‘देवावर भाव’?

प्रश्न असा आहे : ख्रिस्ती प्रार्थनांत आणि प्रवचनांत ‘देवाच्या योजनेवर विश्वास ठेवा’ असे वारंवार ऐकू येते, परंतु मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) ‘संकल्प’ आणि ‘भाव’ हे शब्द भेटतात, मग यांपैकी योग्य प्रयोग कोणता?

या संदर्भात बहुधा यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातले 29:11 हे वचन मनात असते. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो’, असे परमेश्वर तेथे म्हणतो. हे वाक्य एका पत्रातले आहे. इ. स. पू. 597 मध्ये यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने ते लिहिले, आणि त्यात घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, कारण सुटकेला 70 वर्षे लागतील, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता.

येथील मूळ हिब्रू शब्द ‘विचार करणे, योजणे’ अशा अर्थाच्या धातूपासून आला आहे. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांवर करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) विणणाऱ्या कुशल कारागिराला निर्गमाच्या पुस्तकात याच धातूचा शब्द वापरलेला आहे, आणि उत्पत्ती 50:20 मध्ये योसेफ भावांना ‘तुम्ही माझे वाईट योजले, देवाने ते चांगल्यासाठी योजले’ अशा आशयाचे बोलतो, तेथेही दोन्ही वेळा तोच धातू आहे. त्यामुळे ‘योजणे’ हे क्रियापद या अर्थाला अगदी जवळचे आहे. ‘योजना’ हे नाम मात्र आज रोजगार हमी योजना, पंचवार्षिक योजना यांच्या सहवासात वाढले आहे. ते उच्चारताच टप्पे, मुदत आणि लाभार्थी डोळ्यांसमोर येतात आणि आराखडा आपल्यालाही पाहायला मिळावा, अशी अपेक्षा नकळत निर्माण होते. ‘संकल्प’ ज्याने केला त्याच्या मनात राहतो, आणि वचनातले ‘मी जाणतो’ हे शब्द नेमके तेच सांगतात. म्हणून हे वचन समजावताना मी ‘संकल्प’ हाच शब्द राखीन. रोमकरांस पत्रातही ‘त्याच्या संकल्पाप्रमाणे बोलावलेल्यांना’ असाच प्रयोग आहे.

माझ्या मते खरा फरक पुढे आहे. नीतिसूत्रे 3:5 मध्ये ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असे म्हटले आहे आणि स्तोत्र 37:5 मध्ये जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून ‘त्याच्यावर भाव ठेव’ असे. दोन्ही ठिकाणी भाव ठेवायचा आहे तो परमेश्वरावर, त्याच्या योजनेवर नव्हे. ‘योजनेवर विश्वास ठेवा’ हे व्याकरणदृष्ट्या चूक नाही, पण त्यात विश्वासाचे स्थान व्यक्तीकडून आराखड्याकडे सरकते. शिवाय ‘विश्वास’ एखाद्या बातमीवरही बसतो. ‘भाव’ मात्र, ‘भाव तेथे देव’ म्हणणाऱ्या मराठीत, मनाचा ओढा आणि नाते घेऊनच येतो. हा शब्द मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला आपल्याच भूमीतून मिळाला आहे, आणि तो मागे पडू नये असे मला मनापासून वाटते.

‘दैव’, ‘नशीब’ किंवा ‘प्रारब्ध’ हे शब्द मात्र येथे पर्यायी समजू नयेत, कारण प्रारब्धाला हाक मारता येत नाही.

प्रयोगाचा हा भेद सर्वांत जाणवतो तो दुःखाच्या घरी. तेथे ‘ही देवाची योजनाच होती’ असे म्हणणारा माणूस जे त्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे बोलतो, आणि ऐकणाऱ्याला ते बोचते. त्याऐवजी ‘प्रभू, तू काय योजले आहेस ते आम्हांला कळत नाही, तरी आम्ही तुझ्यावर भाव ठेवतो’ असे त्यांच्यासोबत म्हणता येते, आणि या वाक्यात ‘योजणे’ आणि ‘भाव’ हे दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.