मंदिर नसताना मंदिराचे नियम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जेरुसलेमचे मंदिर रोमनांनी पाडल्यावर ज्यूंचे पशुबळी थांबले. सिनेगॉग तर जगभर आहेत. तिथे ते पुन्हा का सुरू केले नाहीत?

तोरानेच, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या धर्मशास्त्रानेच, तशी मनाई केली आहे म्हणून. देव निवडेल त्याच एका जागी अर्पण करायचे, दिसेल त्या ठिकाणी नाही, असे त्यातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १२व्या अध्यायात बजावले आहे. ती जागा जेरुसलेम ठरली आणि त्यानंतर बाहेर कुठेही बळी देणे हा गंभीर अपराध झाला. सिनेगॉगला छोटे मंदिर समजू नये. ते जमण्याचे, वाचनाचे आणि प्रार्थनेचे घर आहे आणि मंदिर उभे होते तेव्हाही सिनेगॉग होती.

इ.स. ७० मध्ये बळी थांबले, पण त्यांचे वेळापत्रक प्रार्थनेने उचलले. मंदिरात रोज एक वर्षाची दोन कोकरे अर्पण होत, एक सकाळी आणि एक दुपारनंतर. सकाळची शाहरित आणि दुपारची मिनहा या प्रार्थना त्यांच्या जागी आहेत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, दोन कोकरे जादा असत, म्हणून त्या दिवशी मुसाफ नावाची जादा प्रार्थना होते. हिशेब किती बारीक आहे ते मिनहात दिसते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे बारा सारखे भाग करायचे. दुपारचे कोकरू एरवी साडेआठ भाग सरल्यावर कापत आणि साडेनऊला अर्पण करत. सूर्य सहाला उगवून सहाला मावळत असेल तर हे साडेनऊ म्हणजे दुपारचे साडेतीन. मिनहासाठी त्यानंतरची वेळ अनेक धर्मशास्त्री उत्तम मानतात, ती याचमुळे. ऋतूप्रमाणे भाग लहानमोठे होतात, त्यामुळे कायमची एक वेळ लावून चालत नाही, त्या दिवसाचे कोष्टक पाहावे लागते.

प्रश्न : मग तोरातल्या ६१३ आज्ञांपैकी मंदिराच्या सगळ्या आज्ञा रद्द झाल्या, असे म्हणावे का?

रद्द एकही नाही. ज्या पाळता येत नाहीत त्या थांबल्या आहेत, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. कोहेन म्हणजे याजकघराण्यातला पुरुष. आज त्याला वेदीवर काम नाही, तरीही मृतदेह असलेल्या छपराखाली तो जात नाही आणि घटस्फोटितेशी लग्न करू शकत नाही. पहिलटकर आईच्या मुलाला जन्मानंतर ३१व्या दिवशी पाच शेकेल, म्हणजे साधारण १०० ग्रॅम चांदी, कोहेनला देऊन सोडवतात. त्याला मंदिर लागत नाही, म्हणून तो विधी अखंड चालू आहे. प्रथमफळांची टोपली मात्र वेदीपाशीच ठेवायची असते, म्हणून ती थांबली.

काही आज्ञा उलट वाढल्या. झावळ्यांच्या सणात, म्हणजे सुक्कोथमध्ये, खजुराची झावळी मंदिरात सातही दिवस हाती घेत, बाहेरगावी एकच दिवस. मंदिर पडल्यावर त्या काळचे धर्मगुरू रब्बान योहानान बेन झक्काई यांनी मंदिराची आठवण म्हणून ती सगळीकडे सात दिवस घ्यायला लावली.

प्रश्न : वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, ताटात भाजलेले हाड ठेवतात, पण खात नाहीत. असे का?

कारण ते वल्हांडणाचे कोकरू नव्हे आणि तसा भाससुद्धा होता कामा नये. ही काळजी शास्त्रकारांनी पदोपदी घेतली आहे.

खरे कोकरू निसान महिन्याच्या १४ तारखेला दुपारी मंदिराच्या अंगणात कापत आणि अख्खे विस्तवावर भाजून रात्री गटागटाने खात. हाड मोडायचे नाही, सकाळपर्यंत काही उरवायचे नाही. आज ताटात कोकराच्या पुढच्या पायाचे हाड असते, पुष्कळ घरांत कोंबडीची मान किंवा पंख. ते सण लागण्यापूर्वीच भाजून ठेवायचे. विकत आणताना किंवा भाजताना ‘हे मांस वल्हांडणासाठी आहे’ असे बोलूही नये, असे तालमुद, म्हणजे शास्त्रकारांच्या चर्चांचा ग्रंथ, सांगते. तसे म्हटले तर तो प्राणी बळी म्हणून अर्पण केल्यासारखा वाटतो.

जेवणाच्या वेळी नीट पाहा. ‘ही बेखमीर भाकर’ म्हणताना यजमान मात्झा उचलून दाखवतो, ‘ही कडू भाजी’ म्हणताना भाजी उचलतो. कोकराविषयी बोलताना मात्र हाडाला हात लावत नाही आणि शब्दही बदलतो : ‘मंदिर उभे असताना आमचे पूर्वज जे कोकरू खात, ते.’ नेमकी इथेच नवख्या माणसाची चूक होते. उत्साहाने तो हाडही उचलतो. अनेक अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या, घरांत त्या रात्री भाजलेले मांसच वाढत नाहीत, तेही याच धास्तीने.

मात्झा आणि कडू भाजी शेजारीशेजारी दिसल्या तरी त्यांचा दर्जा एक नाही. मात्झा खाणे आजही तोराची आज्ञा आहे. कडू भाजी तोराने कोकराबरोबर खायला सांगितली होती. कोकरू नाही, म्हणून आज ती शास्त्रकारांच्या आज्ञेने खातात. कोकरू सगळ्यात शेवटी, पोट भरल्यावर खात. त्याच्या आठवणीखातर जेवणाचा शेवट मात्झाच्या तुकड्याने, म्हणजे अफिकोमानने, करतात आणि त्यानंतर दुसरे काही खात नाहीत. आठवण राहावी पण तिने मूळ विधीची जागा घेऊ नये, हा तोल इतक्या घरगुती तपशिलात कसोशीने सांभाळलेला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

प्रश्न : ज्यू बायका पाव भाजण्याआधी पिठाचा गोळा काढून जाळतात. चांगले अन्न जाळायचे कशाला?

त्या गोळ्याला हल्ला म्हणतात. मूळ नियमाने तो कोहेनचा वाटा : घरच्या कणकेचा २४वा भाग, दुकानदाराच्या कणकेचा ४८वा. पण कोहेनने तो शुद्ध अवस्थेतच खायचा असतो, आणि मृतदेहाच्या संपर्काने आलेली अशुद्धी घालवण्याचा उपाय आज उपलब्ध नाही (तो पुढच्या उत्तरात). खाणारा नाही म्हणून तो जाळायचा, आणि जाळायचाच तर मोठा काढायचे कारण नाही. ऑलिव्हच्या फळाएवढा पुरतो.

नियम गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांनाच लागू आहे. प्रचलित मापाप्रमाणे पीठ सुमारे १.२ किलोपेक्षा कमी असेल तर काही काढायचे नाही. १.२ ते १.६७ किलोपर्यंत आशीर्वचन न म्हणता काढायचे, त्याहून जास्त असेल तर आशीर्वचन म्हणून. पीठ मळून झाले की गोळे पाडण्यापूर्वी काढावे, ‘ही हल्ला’ असे म्हणावे, फॉइलमध्ये गुंडाळून करपून जाईपर्यंत जाळावे. पावाबरोबर उघडे भाजू नये.

घोटाळा बहुधा विसरण्यामुळे होतो. इस्रायलबाहेर शब्बाथला आठवण झाली तर पाव खाता येतो. थोडा शिल्लक ठेवून शब्बाथ संपल्यावर त्यातून काढतात. इस्रायलमध्ये मात्र हल्ला काढल्याशिवाय घासही चालत नाही आणि शब्बाथला ती काढायला मनाई आहे. सगळा पाव ताटात तसाच राहतो. म्हणून तिथे शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी ‘हल्ला काढली का?’ असे विचारण्याची रीतच आहे.

प्रश्न : मंदिराच्या टेकडीच्या वाटेवर, ज्यूंनी वर जाऊ नये अशी रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, पाटी आहे. स्वतःच्याच पवित्र जागी बंदी कशी?

इस्रायलच्या मुख्य रब्बींनी १९६७ नंतर लावलेल्या त्या पाटीमागे हीच अशुद्धी आहे. ती फक्त तांबड्या कालवडीच्या राखेने जाते. कालवड कधी जू न लावलेली हवी. दोन केस जरी दुसऱ्या रंगाचे निघाले तरी ती बाद. तिची राख झऱ्याच्या पाण्यात मिसळून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायची, मग स्नान. मध्ययुगीन धर्मशास्त्री मायमोनिडीसच्या मोजणीप्रमाणे मोशेपासून मंदिर पडेपर्यंत अशा कालवडी नऊच झाल्या. ती राख आज नसल्यामुळे प्रत्येक जण अशुद्ध धरला जातो, आणि अशा अवस्थेत मंदिराच्या अंगणात पाऊल टाकणाऱ्याला ‘कारेत’, म्हणजे देवाकडून समाजातून छेदले जाण्याची, शिक्षा सांगितली आहे.

वादाचा मुद्दा जागेचा आहे. मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहाप्रमाणे मूळ पवित्र टेकडी ५०० हात लांब आणि ५०० हात रुंद. हेरोद राजाने बांधून वाढवलेले आजचे आवार त्याहून बरेच मोठे आहे. म्हणजे वाढीव भागात त्या अंगणाचा प्रश्न येत नाही. पण मूळ अंगण आवारात नेमके कुठे संपत होते यावर एकमत नाही. काही रब्बी विधिस्नान करून, चामड्याचे जोडे काढून, कडेकडेच्या भागात जायला परवानगी देतात. अनेक जण मात्र संशयाचा भाग पूर्णच टाळायला सांगतात. पश्चिम भिंत हेरोदच्या आवाराची बाहेरची भिंत. तिच्यासमोरचा चौक त्या हद्दीबाहेर पडतो, म्हणून तिथे यातले कोणतेच बंधन नाही.