इंग्रजीतल्या ‘मिस’चे नेमके अर्थ किती?
मूळ अर्थ चुकणे, हुकणे. ‘आय मिस्ड द बस’ म्हणजे बस चुकली. नेम हुकला, झेल सुटला तरी मिसच. पण ‘आय मिस यू’ म्हणजे तुझ्यावाचून करमत नाही. आपण सर्रास ‘तुला मिस करतेय’ म्हणतो. मला विचाराल तर ‘तुझी फार आठवण येते’ जास्त गोड लागतं.

गंमत ‘आय मिस्ड यू ॲट द स्टेशन’मध्ये आहे. स्टेशनवर आपली चुकामूक झाली, की तिथे तुझी उणीव भासली? संदर्भ बघूनच ठरवायचं.

शाळेतल्या ‘मिस’चा याच्याशी संबंध नाही, तो ‘मिस्ट्रेस’चा संक्षेप. आणि आपल्या ‘मिस कॉल दे’मध्ये तर काहीच चुकत नाही, फोन मुद्दामच उचलायचा नसतो!