रुग्णवाहिकेचं टेंडर: छोट्या वर्कशॉपने कुठे भरावं, कुठे सोडावं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: रबाळ्यात सात-आठ माणसांचं वर्कशॉप आहे, खासगी हॉस्पिटलांच्या रुग्णवाहिका आतून तयार करून देता. आता सरकारी टेंडर भरायचं मनात आहे, पण मोठे बॉडी बिल्डर (गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कंपन्या) दर इतका पाडतात की हातात काही उरत नाही. तर दर किती खाली न्यावा?

दर खाली नेऊ नका, टेंडर दुसरं शोधा. या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर मी हे ठामपणे सांगतो. छोटी वर्कशॉपं कौशल्यात कुठेही कमी नसतात, तरी बंद पडतात, कारण ती चुकीच्या ठिकाणी लढायला जातात.

मोठ्या ताफ्याची टेंडरं तुमच्यासाठी नाहीत. राज्याची 108 सेवा 2014 मध्ये सुरू झाली तीच 937 गाड्यांची. त्यांतल्या 233 ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, बाकी बेसिकच्या. अशा ठेक्यात गाड्या, डॉक्टर, कॉल सेंटर, देखभाल सगळं एकाच्याच गळ्यात असतं. तिथे आपल्याला काम मिळालंच तर ते खालच्या पायरीवर, मुख्य ठेकेदाराकडून. ते जरूर घ्या, पण पैसे कसे मिळणार ते आधी ठरवून. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता मुंबईतच आजूबाजूला बघा. माहूलच्या दोन्ही रिफायनऱ्या, चेंबूरचा आरसीएफचा खत कारखाना, माझगाव डॉक, मुंबई पोर्ट, रेल्वेची हॉस्पिटलं. यांना एकावेळी एखाददुसरी गाडी लागते, कधी जुन्या गाडीचं आतलं काम नव्याने करायचं असतं. हे सगळे केंद्राच्या अखत्यारीतले, म्हणून त्यांना सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीचं 2012 चं खरेदी धोरण लागू आहे. वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के भाग आपल्यासारख्यांकडून घ्यायचा, टेंडरचा फॉर्म फुकट द्यायचा, बयाणा रक्कम (टेंडरसोबत भरायची अनामत) माफ करायची, हे त्यात आहे. पण खरी ताकद दराच्या कलमात आहे. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर तोच दर मान्य करून काम घेण्याची संधी तुम्हाला मिळते. गाडी एकच असेल, म्हणजे काम वाटून देता येण्यासारखं नसेल, तर पूर्ण ऑर्डरही तुम्हाला देता येते. म्हणून तळाचा दर टाकायची गरज नाही, त्या पट्ट्यात राहायचं. फक्त तो दर तुम्हाला झेपणारा आहे का, हे आधी कागदावर मांडून ठेवा. मागाहून विचार करायला वेळ मिळत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. ही सवलत उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. उद्यम नोंदणीत (केंद्राकडची लघुउद्योगाची नोंदणी) बॉडी बांधणीचा कोड (2920) आहे ना, ते आजच बघा. नुसती 'ट्रेडिंग' अशी नोंद असेल तर तांत्रिक छाननीतच बाहेर पडाल. दुसरं, उलाढाल आणि पूर्वानुभवाची अट शिथिल करता येते, पण सार्वजनिक सुरक्षा आणि आरोग्याशी संबंधित खरेदीत खातं ती कायम ठेवू शकतं. रुग्णवाहिका त्यातच मोडते. म्हणून खासगी हॉस्पिटलांच्या कामाचे पूर्तता दाखले, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आत्तापासून गोळा करा. महापालिका आणि राज्य सरकारची खाती यांचे नियम वेगळे. केंद्राची सवलत तिथे आपोआप लागत नाही. प्रत्येक टेंडरचं बयाण्याचं कलम स्वतंत्र वाचायचं.

आता मान्यतेचं. एआयएस-125 हे रुग्णवाहिकेचं मानक. त्यात चार प्रकार आहेत: ए म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्डर, बी म्हणजे नुसती रुग्णाची ने-आण, सी बेसिक आणि डी ॲडव्हान्स लाइफ सपोर्ट. मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मिळते आणि ती त्या मूळ गाडीच्या मॉडेलपुरती, त्या आराखड्यापुरती असते. एका मॉडेलचं सर्टिफिकेट दुसऱ्याला चालत नाही. मान्यता नसलेली बॉडी घेऊन आरटीओत गेलात तर पासिंग अडकतं, आणि त्या प्रत्येक आठवड्याचा दंड तुमच्या बिलातून कापला जातो. बहुतेक टेंडरांत आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के, असा हा दंड असतो. छोट्याने स्वतः मान्यतेचा खर्च करावा का? एकाच मॉडेलवर वर्षात पुरेसं काम दिसत असेल तरच. नाहीतर ज्याच्याकडे मान्यता आहे त्याच्याशी लेखी करार करा, आणि भागीदारीत किंवा पोटठेक्याने काम करायला टेंडरची परवानगी आहे का ते वाचा.

दर मांडताना सगळे स्टील, पॅनल, स्ट्रेचर धरतात. विजेचं काम मात्र अंदाजाने लिहितात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथलीच वाटते. सक्शन, व्हेंटिलेटर, मॉनिटर, एसीचा ब्लोअर, दिवे, सायरन, इन्व्हर्टर, प्रत्येकाचा करंट लिहून बेरीज करा. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज तयार करणारं यंत्र) किती करंट देतो ते त्या बेरजेसमोर ठेवा. सायन सर्कलला गाडी वीस मिनिटं अडकली तर अल्टरनेटर पूर्ण जोरात चालत नाही. त्या वीस मिनिटांत व्हेंटिलेटर चालायलाच हवा. स्वतंत्र बॅटरी, ती मूळ बॅटरीपासून वेगळी ठेवणारा आयसोलेटर, प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज, आणि वायरची जाडी लांबी बघून ठरवलेली, यांत काटछाट नाही. कंपनीच्या मूळ वायरिंगला टॅप मारू नका. वॉरंटी जाते ती जातेच, शिवाय आगीचा धोका. ऑक्सिजन त्याच गाडीत आहे हे वायरमनला रोज सांगावं लागलं तरी सांगा.

फ्लोअरला साधा प्लाय घालून दर पाडणारे पुष्कळ आहेत. मुंबईच्या पावसात, रोज धुतल्या जाणाऱ्या गाडीत तो दोन पावसाळे काढत नाही. आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या, कडा सील करा, वर अँटी-स्किड शीट, आणि शीट भिंतीवर चढवून घ्या म्हणजे कोपऱ्यात रक्त-पाणी मुरत नाही. सिलिंडरचे आणि स्ट्रेचरचे ब्रॅकेट चॅसीच्या (गाडीच्या मूळ सांगाड्याच्या) मेंबरला धरा, पत्र्याला नाही. धडकेत भरलेला सिलिंडर सुटला तर आत बसलेल्या नर्सचं काय होईल याचा विचार करून ते बोल्ट आवळायचे.

कराबद्दल थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून रुग्णवाहिकेवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुनी कोटेशन शीट कॉपी करून भरू नका. चॅसी ग्राहकाची असेल तर तुमचं काम जॉबवर्क म्हणजे सेवा ठरतं, तुमची असेल तर मालाचा पुरवठा. बीओक्यूत (टेंडरमधल्या कामाच्या आणि दराच्या तक्त्यात) कुठलं धरलंय ते तुमच्या सीएला दाखवून घ्या.

पैशांबद्दल. कामगिरीची बँक गॅरंटी (काम नीट पार पाडण्याची बँकेची हमी) साधारणपणे वॉरंटी संपल्यानंतर आणखी 60 दिवस चालू ठेवावी लागते. म्हणजे दोन वर्षांची वॉरंटी असेल तर तेवढी रक्कम दोन वर्षं आणि वर 60 दिवस अडकली. खेळत्या भांडवलातून ती वजा करूनच हिशेब करा. एमएसएमई कायदा, 2006 प्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी. मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली काम करत असाल तर त्याला 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात 43बी(एच) म्हणून आलेल्या कलमाची आठवण करून द्या. मुदत टळली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. मार्च जवळ आला की हे कलम फार उपयोगी पडतं. माझं एका मोठ्या ठेकेदाराकडे अडकलेलं बिल या एका पत्राने सुटलं.

राहिली प्री-बिड मीटिंग, म्हणजे टेंडर भरण्याआधी खातं शंकांसाठी घेतं ती बैठक. तिथे जा, आणि प्रश्न लेखी द्या, म्हणजे उत्तर शुद्धिपत्रकात येतं आणि सगळ्यांना बंधनकारक होतं. चार प्रश्न तर विचाराच. चॅसी आम्हाला उशिरा मिळाली तर मुदत चॅसी ताब्यात आल्यापासून मोजणार का? मान्यतेचं सर्टिफिकेट कोणाच्या नावावर हवं? तपासणी तुमचे अधिकारी करणार की बाहेरची संस्था, आणि किती दिवसांत? व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर यांची देखभाल आमच्याकडे की उपकरणाच्या कंपनीकडे? शेवटच्याचं उत्तर 'ठेकेदाराकडे' असं आलं, तर उपकरण कंपनीचा वार्षिक देखभालीचा दर हातात आल्याशिवाय टेंडर भरू नका.

रिव्हर्स ऑक्शन (ऑनलाइन एकमेकांपेक्षा दर कमी करत जाण्याचा लिलाव) असलेल्या टेंडरात भावनेच्या भरात बटण दाबलं जातं, म्हणून तळाचा आकडा आदल्या रात्री ठरवून भागीदाराकडे लिहून द्या. त्याच्या खाली जायचं नाही.

तुम्ही बघितलेलं टेंडर कुठल्या खात्याचं आहे आणि चॅसी कोण देणार, एवढं इथे लिहा. त्याची अटींची पानं टाकलीत तर मी वाचून सांगतो.