विंगरला नुसतं पळता येऊन भागत नाही

मागच्या वेळी सहज लिहून गेलो की आपल्याकडे रग्बीत सगळ्यात जोरात पळणारं पोरगं विंगवर, म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला टाकतात आणि मग त्याला विसरून जातात. त्यावर इतके प्रश्न आलेत की आज दुसरं काहीच घेत नाही, फक्त विंगर.

प्रश्न : माझा भाचा अकरावीत आहे, आम्ही कर्वेनगरला राहतो. 100 मीटर साडेअकरा सेकंदात पळतो, रग्बी सहा महिन्यांपासून खेळतोय. पुढेमागे इंडियाकडून विंगर म्हणून चान्स आहे का?

पळतो चांगलाच, त्यात वाद नाही. पण ट्रायलला आलेली निम्मी पोरं पळणारीच असतात हो. एक करा, रविवारी सकाळी ग्राउंडवर न्या, कुणालातरी तीसेक मीटरवरून बॉल उंच मारायला सांगा आणि भाचा खाली कसा उभा राहतो ते बघा. देवळात प्रसाद घ्यायला उभं राहतात तसा छाती समोर करून, ओंजळ पुढे करून उभा राहिला तर अजून बरंच काम बाकी आहे, कारण बॉल निसटला की पुढे पडणार, म्हणजे नॉक-ऑन, म्हणजे स्क्रम (दोन्हीकडच्या दांडग्यांनी एकमेकांना रेटायचं ते) समोरच्यांचा. अंग जरा आडवं पाहिजे, एक खांदा पुढे, कोपरं जवळजवळ, आणि उडी मारताना एक गुडघा वर, म्हणजे उंचीही मिळते आणि अंगावर येणाराही दबकून येतो. असं उभं राहिलं की सुटला तरी बॉल बहुतेक मागे पडतो. आणि डोळे बॉलवरच.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगतोय. माझ्या ट्रायलला पुण्याचा तो टिपिकल भुरभुर पाऊस, पहिलाच उंच बॉल माझ्याकडे आला आणि मी बॉल सोडून पळत येणाऱ्या माणसाच्या बुटांकडे बघितलं. बॉल हातातून जो सटकला तो सटकला. नंतर दोन ट्राय मारले (समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवला की ट्राय) पण यादीत नाव नव्हतं, आणि खरं सांगू का, बरोबरच होतं.

आता तर हे अजून महत्त्वाचं झालंय. आधी कॅच घेणाऱ्याच्या पुढे त्याचीच माणसं हळूहळू पळत भिंत करायची, समोरच्याला पोचूच द्यायची नाहीत. 2024 च्या शेवटापासून रेफरी यावर कडक झाले, त्यामुळे हवेत सरळ दोघांची झुंज लागते आणि मोठ्या टीम्स विंगर निवडताना हवेत कोण जिंकतो हे आधी बघायला लागल्यात. म्हणजे भाच्याचे साडेअकरा सेकंद हा फॉर्म भरण्यापुरता दाखला झाला. परीक्षा पुढेच आहे.

प्रश्न : सिलेक्टर नेमकं बघतात तरी काय? विंगरला मॅचभर चार वेळा बॉल मिळतो, त्यात काय कळणार? (वाचक, चिंचवड)

चार वेळा मिळतो म्हणूनच बाकीचा वेळ बघायचा! मी ट्रायलला बसतो तेव्हा पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघतच नाही, फक्त विंगरकडे बघतो. बॉल पलीकडच्या टचलाइनला गेला की हा मागे सरकतो का, परत इकडे यायला लागला की वर येतो का. दोन विंगर आणि फुलबॅक (सगळ्यात मागे उभा असतो तो) हे तिघं झोपाळ्यासारखे हलले पाहिजेत, एक वर तर दुसरा खाली. 2021 पासून तो 50:22 चा नियम आल्यावर तर विचारूच नका. आपल्या अर्ध्या मैदानातून मारलेली किक टप्पा पडून समोरच्याच्या गोललाइनजवळच्या 22 मीटरच्या पट्ट्यात बाहेर गेली तर लाइनआउटचा थ्रो, म्हणजे बाहेरून बॉल आत टाकायचा हक्क, किक मारणाऱ्यालाच मिळतो. त्या भीतीने विंगरला मागे थांबावं लागतं, आणि तो जास्तच मागे राहिला की पुढच्या लाइनीत भगदाड. कधी मागे आणि कधी पुढे हे ज्याला न सांगता कळतं तो माझ्या यादीत पहिला, मग तो अर्धा सेकंद हळू का असेना.

साउथ आफ्रिकेचा विंगर चेस्लिन कोल्बे सगळ्यांना साइडस्टेपसाठी माहितीये. मला आठवते ती 2023 वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, साउथ आफ्रिका आणि फ्रान्स, पॅरिसला. फ्रान्सने ट्राय केला, तोमा रामोस कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची दोन पॉइंटची किक, घ्यायला उभा. अशा वेळी बाकीचे लोक पाणी पितात. नियम असा की किकरने बॉलकडे जायला सुरुवात केली की गोललाइनवरून पळत सुटायची परवानगी असते. रामोस जरासा हलला आणि कोल्बे सुटला तो थेट बॉलवर, किक हाताने अडवली. दोन पॉइंट गेले. साउथ आफ्रिका जिंकली 29-28. बॉल हातात न घेता विंगरने मॅच काढली ती अशी, आणि हे 100 मीटरच्या टायमिंगमध्ये कुठेही दिसत नाही.

प्रश्न : आपली पोरं अंगाने बारीक. लोमूसारखे विंगर असताना आपण काय खेळणार?

न्यूझीलंडचा लोमू सहा फूट पाच इंच होता, 1995 च्या सेमी फायनलला इंग्लंडवर चार ट्राय मारले, मान्य. पण कोल्बे 1.72 मीटर आहे आणि वेल्सचा शेन विल्यम्स त्याच्याहूनही बुटका, तो 2008 मध्ये जगातला बेस्ट प्लेयर ठरला. आणि लोमूने साउथ आफ्रिकेविरुद्ध अख्ख्या करिअरमध्ये एकही ट्राय मारला नाही. त्याला एकट्याने आडवं करणं अवघड, म्हणून तो वेग घ्यायच्या आधीच दोघं-तिघं त्याच्यावर जायचे. आपल्याला हे नवीन आहे का? कबड्डीत कॉर्नरवाला पाय धरतो आणि कव्हरवाले येऊन कोसळतात, तेच. कबड्डी खेळलेली पोरं मला म्हणून आवडतात, त्यांना घोट्यात हात घालायची लाज वाटत नाही.

प्रश्न : आपल्या टीमच्या मॅच बघताना विंगरपर्यंत बॉल पोचतच नाही. कोचला कळत नाही का? (वाचक, सांगवी)

कोचला कळतं, सेंटरला (विंगरच्या आतल्या बाजूला खेळतो त्याला) कळत नाही. सेंटर बॉल घेऊन तिरका पळत सुटतो, वाटतं काय मस्त चाललंय, पण तो सगळी जागा स्वतःच खाऊन टाकतो आणि शेवटी विंगरला बॉल मिळतो तेव्हा पायाखाली चुन्याची लाइन आणि समोर दोन डिफेंडर. सेंटरने सरळ पळायचं, आपल्या माणसाला अंगावर घ्यायचं, तो थबकला की मग पास. मी पोरांना सांगतो की रिक्षावाल्यासारखं कट मारू नका, पीएमटीसारखं सरळ अंगावर जा. (पीएमपी म्हणायला पाहिजे, माहितीये.)

विंगरचीही चूक असतेच. बॉल पलीकडे असेल तर या बाजूच्या विंगरने कमरेवर हात ठेवून उभं राहायचं नसतं, आत येऊन फ्लायहाफच्या (बॉल वाटणाऱ्याच्या) खांद्यामागून लाइनीत घुसायचं असतं, तिथे अचानक एक माणूस जास्त होतो. साउथ आफ्रिकेचा विंगर ब्रायन हबाना कामं शोधत फिरायचा, एकटं उभं राहून कुणाचे टेस्टमध्ये, म्हणजे देशाकडून खेळताना, 67 ट्राय होत नाहीत.

प्रश्न : उजवा विंगर डाव्या बाजूला चालतो का?

चालतो, पण बॉल बाहेरच्या हातात धरता आला पाहिजे, म्हणजे डावीकडे खेळताना डाव्या हातात, उजवा हात टॅकलवाल्याला ढकलायला मोकळा. ज्याला ठरावीक एकाच हातात बॉल सांभाळता येतो, दुसऱ्यात नाही, त्याची बाजू बदलू नका.

प्रश्न : 2023 च्या फायनलला साउथ आफ्रिकेने बेंचवर सात फॉरवर्ड (पुढचे, रेटारेटीवाले) आणि एकच बॅक (मागचा, पळणारा) ठेवला. विंगर जखमी झाला असता तर?

तर विली ल रू आला असता, तो बहुतेक सगळीकडे खेळतो. दुसरा जखमी झाला असता तर पंचाईत होती. हा जुगार जमतो कारण त्यांचे बॅक दोन-दोन जागा खेळणारे असतात, नाहीतर विंगर म्हणजे फक्त विंगर असं असेल तर 7-1 च्या नादाला लागू नये. जिंकले 12-11 ने, तेही कोल्बे यलो कार्ड खाऊन बाहेर बसलेला, जर्सी तोंडावर ओढून, शेवटची मिनिटं त्याने बघितलीच नाहीत. आपल्याकडे बहुतेक सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं रग्बी चालतं, बेंचवर पाच जण, तिथे तर प्रत्येकाला दोन कामं आलीच पाहिजेत.

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे, हडपसरला राहते, खो-खो खेळायचे. आता रग्बी सुरू करायला उशीर झाला का?

अजिबात नाही. भारताच्या मुलींची टीम पंधरा जणींच्या रग्बीतली पहिली टेस्ट जिंकली 2019 मध्ये, सिंगापूरवर 21-19, आणि कॅप्टन वाहबीज भरूचा आपल्या पुण्याची. खो-खोवाल्या मुली मला विंगवर फार आवडतात, कारण खांबावर सूर मारायची सवय असते आणि कोपऱ्यात ट्राय टेकवायला तेच लागतं, अंग हवेत लाइनीच्या बाहेर असलं तरी चालतं, बॉल आत टेकला पाहिजे. पहिल्या दिवशी स्टडचे बूट नसले तरी या, माउथगार्ड मात्र आणाच. ते गरम पाण्यात बुडवून मऊ करून दातावर बसवायचं असतं. पाण्यात म्हणतोय, आमच्याकडे एकीने चहात बुडवलं होतं.