दुपारी एक ते पावणेसात

प्रश्न

ताई, नमस्कार. मी परभणीत एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. आम्ही वसमत रोडला भाड्याने राहतो. मिस्टर बियाणं-खताच्या कंपनीत आहेत. गंगाखेड, सोनपेठ, पालम असा त्यांचा रोजचा फेरा. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. तिची शाळा नऊ ते एक. रिक्षावाले मामा सव्वाला घरी सोडतात, त्यांना महिन्याला नऊशे रुपये देतो. आमचं ऑफिस पावणेदहा ते सव्वासहा, घरी यायला पावणेसात होतात. मधल्या वेळात ती समोरच्या काकूंकडे असते. काकू मायाळू आहेत, पैसे घेत नाहीत. दिवाळीला मी त्यांना साडी घेते.

मार्चअखेरची गोष्ट. काकूंच्या नात्यात कुणी तरी वारलं आणि त्या तातडीने सेलूला गेल्या. त्यांनी मला फोन केला होता, पण मी साहेबांच्या मीटिंगमध्ये, फोन ड्रॉवरमध्ये. रिक्षा आली, मुलगी उतरली, काकूंच्या दाराला कुलूप. ती आमच्या जिन्यात बसून राहिली. मिस कॉल बघून मी धावत घरी आले तेव्हा तीन वाजले होते. बाटलीतलं पाणी शाळेतच संपलेलं. ओठांना माती लागली होती. विचारलं तर म्हणाली, "चिमण्यांच्या वाटीतलं पाणी पिले." जिन्याच्या कठड्यावर आम्हीच ठेवलेली वाटी.

तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई म्हणतात लेकराला गावाकडं पाठव, पाथरीजवळ आमचं गाव आहे. आई म्हणते नोकरी सोड. मिस्टर म्हणतात, तू म्हणशील तसं. काकूंना तोंड कसं दाखवू तेही कळत नाही, कारण त्या दिवशी रागाच्या भरात मी त्यांना फोनवर नको ते बोलले. काय करू?

— एक भगिनी, परभणी

उत्तर

आधी लेकीबद्दल. तिला तहान लागली, तिनं पाणी शोधलं. जिना सोडून ती रस्त्यावर गेली नाही, कुणा अनोळखी माणसाबरोबर गेली नाही. साडेसहा वर्षांच्या लेकरानं याहून शहाणपणानं वागावं तरी कसं? हे तिला सांगितलंत का? त्या दिवशी तुम्ही तिला जवळ घेऊन रडला असाल, आणि लेकरांना वाटतं आई आपल्यामुळे रडली. आज तिला सांगा, तू नीट वागलीस, आमचं ठरवायचं राहिलं होतं.

खरंच ते ठरवायचं राहिलं होतं. रिक्षावाल्या मामांना तुम्ही महिन्याला नऊशे देता, आणि रोज पाच-साडेपाच तास लेकरू सांभाळणाऱ्या काकूंना वर्षातून एक साडी. दोष देत नाही, कारण हेच मी केलेलं आहे.

१९८६ साली मी अंबाजोगाई भागात अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. गावोगाव दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं बघत फिरायचे आणि माझा पाच वर्षांचा मुलगा वाड्यातल्या मावशींकडे असायचा. पैशाचं काढलं की त्या म्हणायच्या, "लेकरू काय जड झालंय का मला?" मला बरंच वाटायचं. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि एका दिवशी जेवता जेवता त्यानं सहज सांगितलं: चार वाजता मावशी त्यांच्या पोरांना दूध-भाकरी कुस्करून द्यायच्या, तेव्हा तो हौदामागं जाऊन बसायचा. मावशींनी हाक मारली तरी पोट भरलंय म्हणायचा. कुणी त्याला काही बोललं नव्हतं. आपण इथं फुकटचे आहोत, हे त्याचं त्यालाच कळलं होतं. तो तक्रार करत नव्हता. माझा घास मात्र हातातच राहिला. मावशी वाईट नव्हत्या. त्यांची स्वतःची चार होती आणि दूध मापाचं. मी त्यांच्या घरात कधी एक पायली ज्वारीसुद्धा नेऊन टाकली नव्हती.

म्हणून सांगते, उपकारावर लेकरू ठेवू नका, ठरवून ठेवा. काकूंकडे जा, झाल्या बोलण्याची माफी मागा. त्यांनी तुम्हाला फोन केला होता, हे विसरू नका. मयतीला निघालेल्या बाईनं त्याहून काय करायचं? मग महिन्याचा मेहनताना ठरवा. त्या नको म्हणतील. तरी ठरवा, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. खाणं वेगळं: लेकीचं धपाटं, दही, फळ तुमच्या घरून रोज डब्यात जाऊ द्या, काकूंच्या नातवाला पुरेल इतकं. पैसे ठरले की त्यांनाही मोकळेपणानं सांगता येतं की उद्या मी नाही, आणि तुम्हालाही सांगता येतं की चार तास टीव्ही नको. आज दोघींनाही तोंड उघडता येत नाही.

दुसरं घर आत्ताच शोधून ठेवा. काकू नसतील त्या दिवशी लेकरू कुठं जाईल, हे काकूंना, मामांना आणि वर्गशिक्षिकेला माहीत हवं. मामांना एकच नियम सांगा: दार उघडून मोठं माणूस बाहेर आल्याशिवाय रिक्षा हलवायची नाही. दप्तराच्या आत तुमचा, मिस्टरांचा आणि ऑफिसचा लँडलाइन असे तीन नंबर लिहा. लँडलाइन यासाठी, की मीटिंग चालू असली तरी शिपाई आत येऊन चिठ्ठी देऊ शकतो. तुमचा नंबर लेकीला पाठ करून घ्या, पाढ्यासारखा चालीवर. लेकरं आठवडाभरात म्हणायला लागतात.

एक गोष्ट बायका मला संकोचून विचारतात, म्हणून न विचारता सांगते. ज्या घरात लेकरू असतं त्या घरात दुपारी आणखी कोण कोण असतं, हे विचारायला लाजू नका. महिन्यातून एखाद्या दिवशी अर्धी रजा टाकून न सांगता जा. लेकीला रोज "त्रास दिला नाहीस ना?" असं विचारू नका, "दुपारी काय काय झालं?" असं विचारा आणि ऐकत बसा. अडचणीतल्या लेकरांसाठी १०९८ हा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालतो. तोही तिला माहीत असू द्या.

आता नोकरी. त्या दुपारच्या भरात राजीनामा लिहू नका. ही अडचण तुमच्या घरची नाही, घड्याळाची आहे. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवलंय, म्हणजे दिवसाला चार तास. लहान लेकराला तेवढंच झेपतं, ते बरोबरच आहे. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनानं ठरवलं, लेकरांची झोप व्हावी म्हणून. तेही चांगलं झालं. पण तुमच्या कार्यालयात २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, शनिवार मोकळा झाला आणि रोजचा दिवस सव्वासहापर्यंत लांबला. शाळेची वेळ लेकराकडं बघून ठरली, ऑफिसची कामाकडं बघून, आणि मधल्या पाच तासांकडं कुणी बघितलंच नाही. ते पाच तास तुम्ही एकटीनं अपराध म्हणून डोक्यावर घेतलेत. उतरवा ते.

राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पहिल्या दोन अपत्यांसाठी, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. रोजच्या दुपारीला ती पुरणार नाही, पण काकू महिनाभर गावी गेल्या किंवा लेकीला कांजण्या झाल्या तर हीच रजा काढा. आस्थापनेत आजच विचारून ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं मायेचं आहे. पण केज-धारूरकडं मी वर्षानुवर्षं बघितलंय: दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला जायचे, अंगणवाडीचं हजेरीपत्रक अर्धं व्हायचं. मागं राहिलेली लेकरं आजीजवळ असायची. आज्या जिवापाड सांभाळायच्या. तरीही संध्याकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला की लेकरं फाट्याकडं पळायची. त्या आई-बापांपुढं दुसरी वाट नव्हती. तुमच्यापुढं आहे. मे महिन्यात वीस दिवस आजीकडं जाऊ द्या, आंबे खाऊ द्या. पण पहिलीतली शाळा सोडवून नको.

राहिले तुमचे मिस्टर. "तू म्हणशील तसं" म्हणजे सगळं ओझं तुमच्यावर. त्यांच्या धंद्यात जून-जुलैत खरीप आणि दिवाळीच्या आगेमागे रब्बी, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते, मान्य. पण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत आठवड्यातल्या दोन दुपारी त्यांनी परभणी शहरातलीच दुकानं घ्यावीत आणि सव्वाला दारात उभं राहावं. कॅलेंडरवर त्या दुपारी आत्ताच लाल पेनानं लिहा.

काकूंकडे माफी मागायला तुम्ही जा. पैशाचं बोलायला आणि पहिल्या महिन्याचं पाकीट द्यायला मिस्टरांना पाठवा, आणि तेव्हा लेकीला बरोबर नेऊ देऊ नका.