वय ३४, अंगाने बारीक, बैठं काम, काहीच त्रास नाही, तरी बीपी १५०/९६. शहरात तरुणांना बीपी का होतोय? गोळी सुरू करावी का?

"काहीच त्रास नाही" हे वाचलं आणि लिहायला बसले. माझा दादाही हेच म्हणायचा.

तो ४१ वर्षांचा असताना ऑफिसच्या तपासणीत १६०/१०० निघाला. गोळीने दोन महिन्यांत १२८/८२ वर आला आणि त्याने परस्पर गोळी बंद केली. "आता नॉर्मल आहे. एकदा सुरू केली की आयुष्यभर चिकटते." मी म्हटलं, अरे, नॉर्मल आहे तो गोळीमुळेच. तर वहिनीसमोर मला म्हणाला, "तू उगाच घाबरवतेस. मला फक्त टेन्शन आहे." पुढची चार वर्षं विषय काढला की उठून जायचा.

मग एका सकाळी त्याला चूळ भरता येईना. पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळत राहिलं. वहिनीला वाटलं झोप झाली नसेल, म्हणून तिने त्याला परत झोपवलं. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सहा तास उलटले होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आज तो शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतो.

शहराचं म्हणाल तर तासन्‌तास बसणं, तयार खाण्यातलं मीठ (दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं), अपुरी झोप, रात्रभर वाहनांचा आवाज, दारू, सुटलेलं पोट. बारीक माणसालाही आनुवंशिकता सोडत नाही. जगात ३० ते ७९ वयाचे बीपीवाले १९९० मध्ये सुमारे ६५ कोटी होते, २०१९ मध्ये १२८ कोटी झाले, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना पत्ताच नाही. कारण त्रास होत नाही! टेन्शनने बीपी चढतो, मान्य आहे. पण सगळं टेन्शनवर ढकललं की मीठही कमी करायला नको आणि गोळीही नको, ही पळवाट मी घरात पाहिली आहे.

एकदा १५०/९६ आला म्हणजे बीपी झालाच असं मात्र नाही. दवाखान्यात नुसत्या धास्तीनेही वाढतो. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दंड छातीच्या उंचीवर, मोजताना बोलायचं नाही. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली तर डॉक्टर गाठा. तुमच्या वयात किडनी, थायरॉईड, झोपेतलं घोरणं हेही तपासायला सांगतील. वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेत असाल तर ते आधी सांगा, त्यांनीही बीपी वाढतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला गोळी लागेल की नाही हे मी ठरवू शकत नाही. वजन आणि मीठ कमी करून काहींची गोळी सुटतेही, पण ती डॉक्टरांनी मोजून मापून कमी केलेली असते.

परवा दादाचा १२६/८० आला. "आता बंद करू का?" त्याने पुन्हा विचारलं. मी डबीतली त्या दिवसाची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.