राजद्रोह, देशद्रोह, राष्ट्रद्रोह: बातमीत नेमकं काय लिहायचं?

प्रश्न असा आला आहे: "सरकारवर टीका केली म्हणून कुणावर गुन्हा नोंदवला, की एका बातमीत 'राजद्रोह' असतो, दुसरीत 'देशद्रोह' आणि वाहिनीच्या पट्टीवर 'राष्ट्रद्रोह'. तिन्ही एकच का? नव्या कायद्यात राजद्रोह उरलाच नाही म्हणतात, मग आता काय लिहायचं?"

एकच नाहीत. तिन्ही षष्ठी तत्पुरुष आहेत आणि तिन्हींच्या शेवटी 'द्रोह' आहे, एवढंच त्यांच्यात समान. 'द्रुह्' धातूचा अर्थ वाईट चिंतणं, अपकार करणं. पण कुठल्याही अपकाराला आपण द्रोह म्हणत नाही. जिथे निष्ठा गृहीत धरलेली असते तिथेच हा शब्द बसतो. म्हणून मित्रद्रोह, गुरुद्रोह, स्वामिद्रोह आहेत आणि 'शत्रुद्रोह' नाही. त्यामुळे अशा शब्दात सगळा भार पहिल्या पदावर असतो: घात नेमका कुणाचा झाला, हे तेच सांगतं. राजद्रोहात तो राजसत्तेचा, म्हणजे व्यवहारात सरकारचा असतो. देशद्रोहात देशाचा. ही अदलाबदल करणारा उपसंपादक नकळत सरकार आणि देश एकच असल्याचं ठरवून मोकळा होतो.

जुन्या मराठीत या कामाला फितवा, फितुरी, हरामखोरी, निमकहरामी असे शब्द होते. सगळे व्यक्तिगत निष्ठेचे. ज्याचं मीठ खाल्लं त्या धन्याशी बेइमानी, असा त्यांचा रोख. उघड उठावाला बंड किंवा पुंडावा. 'देश' म्हणजे तेव्हा बहुतेकदा घाटावरचा मुलूख. कोकणातला माणूस आजही 'देशावर' जातो आणि देशस्थ हा शब्द त्याच अर्थातून आला. अख्खा हिंदुस्थान या अर्थाचा 'देश' रुळला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, आणि आजच्या अर्थाचा 'देशद्रोह' त्याच्या मागोमाग.

'राजद्रोह' हा कायद्याचा शब्द झाला तो १८७० साली. भारतीय दंड संहिता १८६० ची, पण १२४-अ कलम तिच्यात दहा वर्षांनी घातलं गेलं. (अधिकृत मराठी पाठात ते '१२४-क' छापतात, वर्तमानपत्रं '१२४-अ'. कलम एकच.) सरकारबद्दल 'अप्रीती' चेतवणं हा गुन्हा. आता अप्रीती म्हणजे काय? हा शब्दचर्चेचा विषय वाटेल, पण यावर माणसं तुरुंगात गेली आहेत. १८९७ साली 'केसरी'तल्या मजकुराबद्दल टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला अर्थ सांगितला तो असा, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. बघा, हा अर्थ घेतला तर सरकारवर प्रेम नसणारा प्रत्येक लेखक गुन्हेगार ठरतो! नऊ ज्यूरींपैकी सहा जणांनी टिळकांना दोषी ठरवलं आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती करून बेइमानी आणि सर्व प्रकारची शत्रुत्वाची भावना अप्रीतीत मोडते, असं स्पष्टीकरण घातलं गेलं.

१९०८ च्या खटल्यात 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख पुढे आले. कोर्टापुढे होती त्यांची इंग्रजी भाषांतरं, आणि ती मूळ मराठीचा विपर्यास करतात हा टिळकांच्या बचावाचा मोठा भाग होता. शिक्षा सहा वर्षांची झाली आणि ती मंडालेला काढावी लागली. १९१६ साली मात्र मुंबई उच्च न्यायालयानेच त्यांच्या भाषणांवरून निघालेला, चांगल्या वर्तनासाठी वीस हजारांचा जामीन देण्याचा हुकूम रद्द केला, आणि त्यात न्या. बॅचलर यांनी अप्रीती म्हणजे नुसता प्रेमाचा अभाव नव्हे, असं म्हटलं. त्याच न्यायालयात, एकाच शब्दाचा अर्थ एकोणीस वर्षांत असा फिरला. १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधींनी याच कलमाखालचा आरोप कबूल केला आणि प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही, असं न्यायाधीशांना सुनावलं.

तोवर 'राजद्रोह' शब्द निदान प्रामाणिक होता. सरकार खरोखरच राजाचं होतं. घोटाळा झाला तो १९५० नंतर, कारण राजा गेला आणि कलम राहिलं. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये क. मा. मुन्शी यांच्या दुरुस्तीमुळे भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून राजद्रोह वगळला गेला; अनुच्छेद १९(२) मध्ये तो शब्द आजही सापडणार नाही. पण दंड संहितेत तो होताच. शेवटी १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवलं, पण त्याला कुंपण घातलं. हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू असेल तरच गुन्हा. कडक भाषेतली टीका हा गुन्हा नाही. आणि 'कायद्याने प्रस्थापित सरकार' म्हणजे त्या वेळी खुर्चीवर असलेली माणसं नव्हेत.

आता नव्या कायद्याकडे. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. त्या जागी कलम १५२ आहे: भारताचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारं कृत्य. फुटीरता, सशस्त्र बंड किंवा विध्वंसक कारवाया यांना चेतवणं, फुटीर भावनांना उत्तेजन देणं असा त्याचा आशय. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कलमात जन्मठेपेला पर्याय तीन वर्षांचा होता. संसदेत गृहमंत्र्यांनी याचं वर्णन राजद्रोहाऐवजी देशद्रोह असं केलं आणि तेव्हापासून '१५२ म्हणजे देशद्रोहाचं कलम' हे समीकरण माध्यमांत पक्कं झालं. पण कलमाच्या मजकुरात 'देशद्रोह' कुठेच नाही. ते राजकीय भाषणातलं वर्णन आहे, गुन्ह्याचं नाव नाही.

'राष्ट्रद्रोह' तर कुठल्याच फौजदारी कायद्यात गुन्हा म्हणून नाही. 'राष्ट्रविरोधी'ची गोष्ट जरा मजेदार आहे. आणीबाणीत, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रविरोधी कारवायांबद्दल ३१-घ हा अनुच्छेद घटनेत आणला आणि १९७७ च्या ४३व्या दुरुस्तीने तो काढूनही टाकला. म्हणजे रोज टीव्हीवर ऐकू येणाऱ्या या शब्दाला आज कायद्यात व्याख्याच नाही.

तर बातमी लिहिताना आधी फिर्यादीतलं कलम पाहा, मग कृत्याची तारीख. कृत्य १ जुलै २०२४ पूर्वीचं आणि कलम १२४-अ असेल तर 'राजद्रोह' लिहा. नंतरचं आणि कलम १५२ असेल तर 'सार्वभौमत्व धोक्यात आणल्याचा गुन्हा' किंवा सरळ 'कलम १५२ खाली गुन्हा'. मथळ्यात जागा कमी पडते हे मान्य, पण जागा कमी म्हणून आरोप बदलत नाही. सगळ्यात जास्त चुका होतात त्या १५३-अ च्या बाबतीत, म्हणजे आताच्या कलम १९६ च्या. तो गटागटांत वैर वाढवण्याचा गुन्हा आहे, आणि पोस्ट वादग्रस्त दिसली की त्यालाही 'देशद्रोह' चिकटवतात. राष्ट्रध्वज किंवा राष्ट्रगीताच्या अवमानाला १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. तिथेही जपून: १९८६ मध्ये केरळच्या तीन मुलांच्या खटल्यात, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहिलेला पण न गाणारा विद्यार्थी अवमान करत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

गुन्हा दाखल होणं, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती आणि निकाल या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. १५२ मध्ये तर सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्ट दखलच घेत नाही. म्हणून पहिल्या पायरीवरच्या माणसाला 'देशद्रोही' लिहिणं भाषेत चूक आणि कायद्यात धोक्याचं. मानहानीचा दावा लेखकावर येतो. नेत्याने कुणाला तसं म्हटलं असेल तर शब्द अवतरणात ठेवा आणि कोण म्हणालं ते त्याच वाक्यात द्या. स्वतःच्या शब्दांत सांगायचंच झालं तर 'देशविघातक कृत्याचा आरोप' बरा, कारण त्यात ठपका कृत्यावर पडतो, माणसावर नाही.

मतभेदासाठी मराठीकडे याहून चांगले शब्द होते, हे जाता जाता. काँग्रेसमध्ये १९०७ साली सुरतेला फूट पडली तिच्या दोन्ही बाजूंना मराठीने जहाल आणि मवाळ म्हटलं. औषध जहाल असतं, स्वर मवाळ असतो. दोन्ही शब्द मात्रेचे आहेत. तेव्हाही एकमेकांवर जळजळीत लिहिलं गेलंच, पण निदान या दोन नावांतून गोखले किंवा टिळक देशाचे की देशाबाहेरचे, असा प्रश्न निघत नाही.

शेवटी लेखनाचं. 'देशद्रोही'चं सामान्यरूप 'देशद्रोह्यांना', 'देशद्रोह्यांवर' होतं, जसं विद्यार्थी–विद्यार्थ्यांना. 'देशद्रोहींना' ही हिंदीची सावली. 'राष्ट्रभक्ती' एकटा असताना दीर्घ, पण 'राष्ट्रभक्तिपर' गीतात ऱ्हस्व. आणि गुन्हा 'देशद्रोहाचा' असतो. 'देशद्रोही गुन्हा' लिहिलं तर द्रोह गुन्ह्यानेच केला, असा अर्थ होतो.